आखणीचा हात आणि रोह्याचा पामेरियन

आमच्या जोहे गावातल्या कारखान्यात डोळे आखायला बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. कारखाना म्हणजे गणपतीचा. पेणच्या आसपास नुसतं कारखाना म्हटलं की दुसरं काही डोक्यात येतच नाही. माती मळणारे गप्पा मारतात, साच्यातून मूर्ती काढणारे भांडतात, पितांबर रंगवणाऱ्या बायका एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात. पण आखणीवाला बाकावर बसला आणि मूर्ती समोर पाटावर आली, की रेडिओसुद्धा बंद होतो. मूर्तीच्या नजरेला नजर द्यायची, श्वास रोखायचा आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. श्वास मध्येच सुटला तर रेघ हलते, आणि रेघ हललेला गणपती गिऱ्हाइकाकडे न बघता भलतीकडेच बघत बसतो.

सोळाव्या वर्षापासून ते बाक माझं होतं. आधी तिथे बाबा बसायचे. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि एका आषाढात त्यांनी ब्रश माझ्यासमोर ठेवला. पंचक्रोशीतले कारागीर मुद्दाम माझी आखणी बघायला यायचे. मला माझ्या हाताचा गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

तर असा हात सोडून मी कुत्र्यांच्या मागे का लागले, हा प्रश्न गावाने मला पुरेपूर विचारून झाला आहे. त्याला कारण कारखान्यातला पिवळा कुत्रा. हा दारात मातीच्या गोण्यांवर झोपायचा आणि कुणाचाच नव्हता. एका फाल्गुनात त्याचा कान फाटला आणि जखमेत अळ्या पडल्या. वास सुटला तेव्हा काका म्हणाले, "टेम्पोत घाल नि वडखळच्या नाक्यावर सोडून ये. तिथं हॉटेलं हायत, जगंल नाय तर मरंल." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याने फुकट राखण केली त्याला नाक्यावर टाकायचं? मी काकांना नको ते बोलले, कुत्र्याला गोणपाटात गुंडाळलं आणि त्याच टेम्पोने पेणला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंचा दवाखाना एका खोलीचा. त्या चिमट्याने एकेक अळी काढत होत्या आणि मी कुत्र्याचं डोकं मांडीत धरून बसले होते. बाई अखंड बोलतात. महागाई, जावेचं ऑपरेशन, काल बिघडलेलं कालवण, सगळं त्या कुत्र्याला सांगत होत्या. मध्येच थांबून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुझा हात जरासुद्धा हलला नाही. कुणी शिकवलं?"

"गणपतीने," मी म्हटलं.

बाई हसल्या आणि कामाचं बोलल्या. पेणपासून अलिबागपर्यंत बंगले आणि फार्महाऊस झालेत, तिथले लोक थंड हवेतले केसाळ कुत्रे आणून ठेवतात. आपल्या दमट हवेत त्यांच्या केसांच्या जटा होतात आणि जटांखाली कातडी सडते. त्या जटा कापायला, आंघोळ घालायला, नखं काढायला इथे कुणी नाही, लोकांना पनवेल गाठावं लागतं. "शिकशील का?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत पिवळ्याने बँडेज बांधलेलं डोकं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आजवर इतके डोळे उघडले, ते सगळे दुसऱ्यांच्या घरी गेले. हे डोळे माझ्याकडे बघत होते. मला रडू आलं, आणि मी शिकेन म्हणून सांगितलं.

घरी सांगितलं तेव्हा आईने आधी दार लोटून घेतलं. "गो, गाव काय म्हणंल? कुत्र्यांची न्हावीण?" गाव नेमकं तेच म्हणालं. बसला उभी राहिले की कुणीतरी हमखास डोकं पुढे करायचं, "माझे पन काप गो." मी म्हणायचे, "आधी पट्टा घालून ये." हे चाललं, पण बाबांचं काय करायचं ते मला कळेना. विषय निघाला की ते उठून कारखान्यात जायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघ. सीझनची आखणी तूच करायची. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, तेव्हा पाटावर तुझा ब्रश ठेवायचा का कात्री, ते ठरंल. ब्रश ठेवलास तर मग हा नाद कायमचा सोडायचा." मी व्हय म्हटलं. बाबांचा शब्द म्हणजे शब्द, आणि माझाही.

चार महिने मी बाईंच्या हाताखाली शिकले. क्लिपर उलटा कधी धरायचा, कातडी ताणून जट कशी सोडवायची, नखातली रक्ताची शीर कुठे संपते. बारीक काम हे माझ्या घरचंच काम. आषाढ लागेपर्यंत मी बाईंपेक्षा सुबक कापत होते, हे बाईच लोकांना सांगायच्या. मी थोडी हवेत गेले. म्हणून जेव्हा रोह्याहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, की आमचा पामेरियन गाडीत बसत नाही, कुणी घरी येईल का, तेव्हा मी बाईंना विचारलंसुद्धा नाही. आईने त्या शिक्षिकेसाठी पोह्याचे पापड बांधून दिले. पेणहून रोह्याची गाडी पकडली आणि मांडीवर कात्र्यांची पेटी घेऊन मी खिडकीशी बसले. नागोठणं मागे पडलं तेव्हा वाटत होतं, आता दसरा कशाला हवा, आजच ठरलं.

पामेरियन म्हणजे एवढासा पांढरा कुत्रा. त्याला मी टेबलावर ठेवलं. शिक्षिका चहा टाकायला आत गेल्या. कानामागे मोठी जट होती, अवघड जागा, म्हणून मी अवघड जागी जे करते तेच केलं. समोर वाकले, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, श्वास रोखला आणि कात्री पुढे नेली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. तो एक क्षण थरथरला. मग त्याने माझा उजवा अंगठा दातांत धरला, आणि तो सोडवायला शिक्षिकेला आतून धावत यावं लागलं.

सरकारी दवाखान्यात दोन टाके पडले आणि इंजेक्शनं सुरू झाली. शिक्षिका माझ्यापेक्षा जास्त रडत होत्या. मला दुखण्यापेक्षा वेगळीच धास्ती होती. अंगठा उजवा होता, आणि गणपती महिन्यावर आले होते.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बँडेज पाहिलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि माझ्या बाकावर जाऊन बसले. त्या सीझनला डोळे बाबांनी आखले. एक रेघ ओढायची, मान तिरकी करून बघायचं, ओल्या फडक्याने पुसायची, परत ओढायची. मी दिवसाला जेवढ्या मूर्ती हातावेगळ्या करायचे, त्याच्या निम्म्याही त्यांच्याकडून होत नव्हत्या. काका येता-जाता म्हणत, "कुत्र्यानं कारखाना चावला." मी दारात पिवळ्याशेजारी गोणीवर बसून राहायचे. शरमेने मला जेवण जात नव्हतं, आणि काहीही झालं तरी दसऱ्याला ब्रशच ठेवायचा हे मी मनात ठरवून टाकलं होतं.

तिथे बसल्या बसल्याच मला ते दिसलं. बाबांचं बाक आणि पिवळा समोरासमोर होते. बाबांनी ब्रश उचलला, कारखाना गप्प झाला, बाबांनी डोळे रोखून श्वास धरला. माझ्या शेजारचा पिवळा जागा झाला. त्याने जिभेने नाक चाटलं, तोंड फिरवलं, आणि तरी बाबा हलेनात तेव्हा उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. रेघ पुरी झाली, बाबांनी हुश्श करून श्वास सोडला, बायका परत बोलायला लागल्या. पिवळा आत आला, अंग झाडलं आणि झोपला. पुढच्या मूर्तीला पुन्हा तेच. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत दुसरं काही पाहिलं नाही. बाबांचा श्वास अडला की कुत्रा उठायचा, सुटला की टेकायचा.

मी कपाळावर डावा हात मारून घेतला. टक लावून बघणं, दम धरून स्तब्ध होणं, एक शब्द न बोलणं. गणपतीसमोर बसायची आमची जी रीत, ती कुत्र्याला झडप घालायच्या तयारीत असलेल्या जनावराची वाटते. त्या बिचाऱ्या पामेरियनने आपला जीव वाचवला होता. दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन बाईंना हे सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "अगं, मी तुला हे शिकवलंच नाही, कारण हे शिकवावं लागतं असं मला वाटलंच नाही. माणूस आपोआप बोलतो कुत्र्याशी." इतके दिवस त्यांच्या बडबडीने मला सांभाळून घेतलं होतं. त्या बोलत होत्या म्हणून कुत्रे माझ्या हाताखाली गप उभे राहत होते, आणि मी समजत होते माझाच हात भारी.

आता माझ्याकडे पोरी शिकायला येतात, त्यांना पहिला आठवडा मी कात्री देत नाही. कुत्र्याशेजारी बसून त्याच्याकडे न बघता बोलायला लावते. काय बोलू विचारतात. मी म्हणते, सासूबद्दल बोला. त्यांचं ते पाच मिनिटांत जमतं. मला ते शिकायला अख्खा श्रावण लागला होता. मी पिवळ्याशेजारी बसून डाव्या हाताने त्याचे केस विंचरायचे आणि मुद्दाम मोठ्याने श्वास सोडायचे. तोंडाने काहीतरी चालू ठेवायला मला फार जड गेलं, कारण हातात हत्यार असताना गप्प राहायचं हे हाडात भिनलेलं. सुरुवातीला मी त्याला नुसती रंगांची नावं सांगायचे. पिवळा, शेंदरी, सोनेरी, मोरपंखी. मग हळूहळू कारखान्यातल्या चहाड्या सांगायला लागले.

गणपती गेले. बाबांनी आखलेली शेवटची मूर्ती गाडीत चढली तेव्हा त्यांनी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून दुपारभर पडून काढली. अंगठा बरा झाला होता. मी रोह्याला फोन लावला आणि शिक्षिकेला विचारलं, मी परत येऊ का?  त्या म्हणाल्या, "अगं, त्याच्या जटा आता पोटापर्यंत गेल्यात. खाजवून खाजवून रक्त काढतो. पण मी तुला ये कशी म्हणू?" आई म्हणाली पितृपक्षात नवं काम काढू नये. मी म्हटलं काम जुनंच आहे, अर्धं राहिलेलं.

गाडीत या वेळी खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही.  शिक्षिकेने दार उघडलं आणि आतून तो भुंकत आला. मला बघून भिंतीला चिकटला आणि दात दाखवायला लागला. मी टेबल मागितलं नाही. जमिनीवर बसले, त्याच्याकडे पाठ करून, पेटी बाजूला ठेवली आणि श्वास सोडला. मग बोलायला लागले. काकांबद्दल सांगितलं, बाबांच्या चष्म्याबद्दल सांगितलं, या सीझनला माझ्यामुळे त्यांना काय सोसावं लागलं ते सांगितलं. शिक्षिका दारात उभ्या राहून ऐकत होत्या, पण मी त्यांना सांगत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. मग हाताला ओलं लागलं. तो माझा अंगठा हुंगत होता, जिथे टाके पडले होते तिथे.

कात्री लगेच उचलली नाही. आधी क्लिपर लांब ठेवून नुसताच चालू केला, आवाजाची सवय होऊ दिली. मग पोटाकडून सुरुवात केली, कान शेवटी ठेवला. मूर्तीचा पाट फिरवतात तसं कुत्र्याला फिरवलं नाही, मीच गुडघ्यांवर त्याच्याभोवती फिरले. तोंड सारखं चालू. घसा कोरडा पडला तेव्हा शिक्षिकेने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. कानामागच्या जटेशी आले तेव्हा हात जुन्या सवयीने थांबला, श्वास अडला, आणि त्याच क्षणी त्याचं अंग ताठ झालेलं बोटांना कळलं. मी हुश्श केलं. "काका म्हणतात कुत्र्यानं कारखाना चावला," मी त्याला सांगितलं. तो सैल पडला. कात्री आत गेली आणि जट गादीतल्या जुन्या कापसासारखी एका तुकड्यात हातात आली.

तीन तास लागले. खाली केसांचा ढीग, आणि वर एक किरकोळ, गुलाबी पोटाचा, हलका झालेला कुत्रा, जो घरभर धावत सुटला. शिक्षिका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. "एवढाच होता हा?" त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या. मग त्यांनी गॅलरीतून हाका मारून गल्लीतल्या बायका जमवल्या. ज्याच्या जवळ जायला सगळे घाबरत, तो माझ्या मांडीवर उताणा पडला होता. परतीच्या गाडीत माझ्या फोनमध्ये रोह्यातल्या चार घरांचे नंबर होते आणि मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली. मला काही वाटलं नाही.

दसऱ्याला कारखाना सारवला. पाटावर कोरण्या, चाळण, स्प्रे गन, ब्रश मांडले, हळद-कुंकू आणि झेंडू वाहिला. बाबांनी माझ्यापुढे हात केला. "दे," म्हणाले. काय दे, ते बोलले नाहीत. मी पेटी उघडून कात्री त्यांच्या हातावर ठेवली. 

"तो चावलेला कुत्रा?" त्यांनी विचारलं.

"त्याचेच केस कापून आले."

"हीच कात्री?"

"हीच."

त्यांनी कात्रीला कुंकू लावलं आणि ती पाटावर ठेवली. ब्रशांच्या शेजारी, मधोमध. काका काहीतरी बोलायला गेले, तर बाबांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

पूजेची हत्यारं त्या दिवशी उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला कारखान्यात हाक मारली. माझ्या बाकासमोर, मूर्ती ठेवतात त्या पाटावर, एक लाकडी पाटी उभी होती. शेंदरी आणि मोरपंखी रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, कुत्र्यांचे केस, नखे, आंघोळ, पेण. अक्षरांशेजारी पिवळा बसलेला, फाटक्या कानासकट. एकेक केस दाखवलेला. कधी रंगवली होती देव जाणे. फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या जागा सोडल्या होत्या.

"डोळे तू आख," बाबा म्हणाले. "कुत्रा कसा बघतो ते मला कुठं म्हाईत हाय?"

मी बाकावर बसले आणि ब्रश उचलला. रेडिओ बंद झाला. बायका गप्प झाल्या. मी म्हटलं, "बोला गो, बोलत राहा." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या, मग एकीने हळूच आपल्या सुनेचा विषय काढला. मी श्वास घेत, सोडत, आखत राहिले. रेघ हलली नाही. दोन्ही डोळे झाल्यावर मागे सरकले.

बाबा वाकून बघत होते. "समोर नाय बघत," ते म्हणाले. "जरा बाजूला बघतो."

"टक लावून बघतो तो चावतो, बाबा. बाजूला बघतो त्याचा आपल्यावर भरवसा असतो."

 ते तसेच वाकून पाटीकडे बघत राहिले, चष्मा नाकावर घसरलेला, अंग ताठ. दारातला पिवळा मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागला, तेव्हा मला कळलं की मी ब्रश टेकवल्यापासून बाबांनी श्वास रोखून धरला होता.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, श्वास सोडा. झालं काम."

त्यांनी सोडला, आणि पिवळ्याने मान खाली टेकली.